लिव्हरपूलच्या चायनाटाऊनमध्ये एरहू वाजतं, मग ऑपेरा कुठे अडला?

कँटोनीज, म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये बोलली जाणारी भाषा, तिच्यातला ‘सी’ एवढाच उच्चार घ्या. तो सहा वेगवेगळ्या सुरांत म्हटला की सहा शब्द होतात, कविता, इतिहास, करून बघणं, वेळ, बाजार आणि एखादी बाब. तोंडाची हालचाल तीच, आवाज वर राहिला की खाली आला की खालून वर चढला एवढाच फरक, आणि तेवढ्यावर अर्थ ठरतो. हे सगळ्यात आधी सांगतेय कारण लिव्हरपूलच्या चिनी वस्तीत गेल्या चाळीसेक वर्षांत संगीताचं जे काही झालं ते कळायला ही एक गोष्ट डोक्यात पक्की असावी लागते. नाहीतर आपण पटकन बोलून मोकळे होतो की नव्या पिढीला आवडच नाही, आणि ते मला अजिबात पटत नाही.

प्रकरण थोडक्यात असं. लिव्हरपूलचा चिनी समाज युरोपातला सगळ्यात जुना मानला जातो. ह्या शहरात १९८३ साली मुलांचा एक चिनी वाद्यवृंद सुरू झाला, युरोपातला अशा प्रकारचा पहिला म्हणून तो ओळखला जातो, आणि शहराने त्याला आपलं मानलं. पण ह्याच समाजातल्या मोठ्या माणसांचं जे खरं जिवाभावाचं संगीत, म्हणजे कँटोनीज ऑपेरा, त्यांच्या भाषेत ‘युत-केक’, ते मुलांपर्यंत त्याच ताकदीने पोचलं नाही. वाद्यं पोचली, गाणं मागे राहिलं. असं का झालं, आणि हे असंच राहणार का, एवढाच माझा प्रश्न आहे.

थोडं मागे जावं लागेल. १८६६ मध्ये आल्फ्रेड होल्टच्या ब्लू फनेल कंपनीने लिव्हरपूल ते चीन अशी थेट आगबोटीची सेवा सुरू केली आणि त्या बोटींवर चिनी खलाशी कामाला यायला लागले. इंग्रजांच्या बोटींवर तेव्हा आपल्याकडचेही लोक होतेच, कोकणातले खलाशी असायचे, गोव्याचे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड असायचे, त्यामुळे बंदराजवळच्या भाड्याच्या खोल्या, पगाराची वाट बघणं, पुढची बोट कधी मिळेल ही काळजी, हे चित्र आपल्याला परकं नाही. पिट स्ट्रीट आणि क्लीव्हलंड स्क्वेअरच्या आसपास चिनी खलाशांची राहायची घरं झाली, कपडे धुवायची दुकानं झाली, काहींनी इथल्याच बायकांशी लग्नं केली. आता हे सगळे ‘चिनी’ म्हणजे एका भाषेचे नव्हते हे लक्षात घ्या. कोणी शांघाय निंग्बोकडचे, कोणी कँटोनीज बोलणारे, कोणी कँटनच्या नैर्ऋत्येकडच्या सी-यीप म्हणजे ‘चार तालुक्यां’तले, कोणी हाक्का. एकाचं गाणं दुसऱ्याला शब्दशः कळत नसे.

मग दुसऱ्या महायुद्धात १९४१च्या मे महिन्यातल्या बॉम्बहल्ल्यांनी ती जुनी वस्ती उद्ध्वस्त झाली आणि चायनाटाऊन हळूहळू नेल्सन स्ट्रीटकडे सरकलं. पण इमारतींपेक्षा मोठा घाव त्यानंतर बसला. युद्धात हजारो चिनी खलाशांनी ब्रिटिश बोटींवर जीव धोक्यात घालून काम केलं होतं, १९४२ मध्ये बरोबरीच्या पगारासाठी संपही केला होता, आणि युद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने ह्याच लोकांना गुपचूप परत पाठवायचं ठरवलं. शेकडो माणसं बोटींवर चढवली गेली, त्यांतल्या काहींच्या बायका-मुलं लिव्हरपूलमध्येच होती आणि नवरा, बाप आपल्याला सोडून गेला असंच त्यांना कित्येक वर्षं वाटत राहिलं. खरं काय ते सरकारी कागद उघडे झाल्यावर कळलं. २००६ मध्ये बंदरावरच्या पिअर हेडला त्यांच्या आठवणीची पाटी बसली, आणि गृहखात्याच्या अंतर्गत चौकशीत ही सक्ती झाल्याचं मान्य व्हायला २०२२ उजाडलं. मी हे संगीताच्या लेखात मुद्दाम घेतेय. बाप, काका, शेजारचे आजोबा हे घरातून उचलले गेले की त्यांच्याबरोबर गुणगुणणंही जातं, आणि मूल भाषेचा सूर गुणगुणण्यातूनच शिकतं. एक अख्खी साखळी तिथे तुटली.

आज ज्या समाजाला आपण लिव्हरपूलचे चिनी म्हणतो त्यातले बरेचसे नंतर आले, १९५०-६०च्या दशकांत, हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातून. तिथली भातशेती परवडेनाशी झाली होती, हाँगकाँग ब्रिटिश वसाहत असल्यामुळे यायची वाट मोकळी होती, आणि इथे आल्यावर रेस्टॉरंट नाहीतर टेकअवे हाच धंदा. आता टेकअवेचं गणित असं की एका भागात एकच दुकान चालतं, दोन काढली तर दोघांचं नुकसान, म्हणून कुटुंबं सगळ्या शहरात आणि आजूबाजूच्या गावांत विखुरली. दुकानाच्या वर घर, संध्याकाळी धंद्याची वेळ, मुलं काउंटरमागे अभ्यास करणार. एकत्र भेटायचं ते रविवारी, चायनाटाऊनमध्ये, तेही काही तास. कुठलंही संगीत ह्या काही तासांत बसवायचं होतं, ही अट आधीच घातली गेलेली होती.

आणि ऑपेरा असा काही तासांत बसणारा नाही. हाँगकाँगच्या गावांत समुद्रदेवी तिन हाऊच्या उत्सवाला बांबूचा भलामोठा मांडव बांधतात, एक खिळा न ठोकता, नुसते बांबू आणि बांधायच्या पट्ट्या, आणि त्यात चार-पाच रात्री ऑपेरा चालतो. तो देवासाठी असतो, देवीला समोर आणून बसवतात, माणसं आपली शेजारीपाजारी बसून बघतात, खातात, गप्पा मारतात, पोरं मधे पळतात. कोकणातल्या जत्रेतला दशावतार ज्याने पाहिलाय त्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पैसा गाव देतं, देवासाठी देतं, आणि त्याच पैशावर नाटक मंडळ्या जगतात. लिव्हरपूलमध्ये तसा मांडव नाही, गावाची वर्गणी नाही, देवीचा वार्षिक उत्सव त्या रूपात नाही. म्हणजे कला आली पण तिला पोसणारी व्यवस्था बोटीवर चढलीच नाही.

तरी लोक गात राहिले, कसे, तर बैठकीत. जगभर जिथे जिथे कँटोनीज लोक गेलेत तिथे हौशी गायकांची मंडळं असतात, ‘खुक-ङाय-से’ म्हणतात त्यांना. वेशभूषा नाही, रंगमंच नाही, खुर्च्या मांडायच्या, दोन-चार वाजवणारे गोळा करायचे आणि नाटकातलं एखादं पंधरा-वीस मिनिटांचं पद दोघांनी मिळून गायचं. आमच्या घरी आजी नाट्यपदं गायची, तिने ती नाटकं रंगमंचावर पाहिलेलीसुद्धा नव्हती, पद नाटकातून सुटून स्वतंत्र झालेलं होतं, अगदी तसंच. आणि एक गोष्ट मराठी माणसाला फार जवळची वाटेल, १९५०च्या दशकात हाँगकाँगमध्ये ज्यांच्यावर लोक जीव टाकायचे ती जोडी म्हणजे याम किम-फाय आणि बाक स्युत-सिन, दोघी बायका, त्यातली याम किम-फाय नायक म्हणजे पुरुषाची भूमिका करायची. आपल्याकडे बालगंधर्वांनी जे केलं ते इथे उलट बाजूने झालं. त्यांची पदं ह्या बैठकांमध्ये अजूनही जीव ओतून गायली जातात.

पण युरोपातल्या शहरात वाजवणारे आणायचे कुठून? ऑपेराच्या साथीत मुख्य असतो तो ‘थाऊ-का’, पुढचा वादक, बहुतेक वेळा गाओहू ह्या गजाने वाजवायच्या दोन तारांच्या वाद्यावर, आणि दुसरा ताल सांभाळणारा ‘चेउंग-पान’, लाकडी ठोकळे, छोटा ढोल, झांजा आणि घणघणीत गाँग ह्यांचा सगळा कारभार त्याच्या हातात. हे दोघं नसतील तर गाणं उभं राहत नाही. मग आली कॅसेट, त्यानंतर सीडी, त्यानंतर पडद्यावर शब्द दाखवणारं कॅराओके. साथ टेपवर, गायचं आपण. ह्याने मंडळं जगली हे मान्य, पण किंमतही मोजली. जिवंत साथीत वादक गायकाच्या मागे जातो, गायकाने एखादा शब्द लांबवला तर गाओहू थांबतो, त्याच शब्दाभोवती फिरतो. टेप थांबत नाही. तिथे गायकालाच टेपच्या मागे पळावं लागतं, आणि असं दहा वर्षं केलं की कुठे लांबवायचं हा विचारच माणूस सोडून देतो.

आता दुसरी बाजू. १९८२ मध्ये हेन्री स्ट्रीटवर पॅगोडा नावाचं चिनी समाजकेंद्र उघडलं आणि पुढच्याच वर्षी तिथे मुलांचा वाद्यवृंद सुरू झाला. ह्या लोकांनी काय काम केलंय ते आधी मनापासून मान्य केलं पाहिजे. टेकअवेच्या काउंटरमागची पोरं, शाळेत नावावरून आणि डोळ्यांवरून चिडवली जाणारी, त्यांच्या हातात एरहू, पिपा, गूझंग, यांगचिन दिलं (एरहू गजाने वाजवायचं, पिपा आणि गूझंग तारा छेडून, यांगचिन म्हणजे आपल्या संतूरचं भावंडच, बारीक काठ्यांनी वाजवायचं) आणि त्यांना स्टेजवर बसवलं. ज्या गोष्टीसाठी वर्गात मान खाली घालायची त्याच गोष्टीसाठी लोक टाळ्या वाजवायला लागले. हे छोटं काम नाही.

वाद्यवृंदच का निवडला गेला असेल ह्याचा विचार केला तर कारणं सरळ दिसतात. वाद्य शिकायला भाषा लागत नाही, घरी कँटोनीज बोलणारं मूल, हाक्का बोलणारं मूल, आई इंग्रज आणि बाप चिनी असं मूल, सगळी एका रांगेत बसतात. मोठ्या चिनी वाद्यवृंदाचा साचासुद्धा जुना नाही, तो विसाव्या शतकात पाश्चात्त्य सिंफनीवरून बेतलेला आहे, गजाने वाजवायची, छेडायची, फुंकायची आणि ठोकायची अशी चार दालनं, समोर कंडक्टर, आणि स्वरलिपी आकड्यांची, १ ते ७. पोरं महिन्याभरात वाचायला लागतात. शिवाय ब्रिटनमध्ये कलेसाठी जो सरकारी पैसा मिळतो, शाळांमध्ये कार्यक्रम होतात, नववर्षाला शहर रस्त्यावर येतं, तिथे सगळ्यांना समजेल असं काहीतरी दाखवायचं असतं. गूझंगवर पाच मिनिटांचा सुंदर तुकडा कोणालाही कळतो. पंचवीस मिनिटांचं कँटोनीज पद, ज्यात राजकन्या आणि तिचा नवरा विष पिण्याआधी एकमेकांशी बोलतायत, ते शब्द न कळता कोण ऐकणार? म्हणजे गावची वर्गणी गेली तिथे ग्रँट आली, आणि ग्रँटला वेगळ्या प्रकारचं संगीत लागलं. ह्यात कोणाचा दोष मी काढत नाही, पण पैसा कुठून येतो ह्यावर संगीताचा आकार ठरतो हे इथे स्वच्छ दिसतं.

आता ‘सी’कडे परत येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

कँटोनीज ऑपेरात गाण्याचे दोन मोठे प्रकार. एक, ठरलेल्या चाली, ‘सिउ-खुक’, म्हणजे चाल आधीच आहे आणि कवी तिच्यात शब्द भरतो, पण कसे भरतो, तर चाल जिथे वर जाते तिथे वरच्या सुराचाच शब्द हवा, नाहीतर ‘कविता’च्या जागी ‘बाजार’ ऐकू येईल. दुसरा प्रकार ‘पोंग-वोंग’, बांगझी आणि एरहुआंग ह्या दोन जुन्या परंपरांतून आलेला, आणि ऑपेराचा कणा तोच. ह्यात गायकाला चाल दिलेलीच नसते! दिलेले असतात शब्द, ताल, ओळीची मांडणी आणि प्रत्येक तुकडा कुठल्या स्वरावर थांबायचा तेवढं. मधली चाल गायक शब्दांच्या सुरांतूनच काढतो, शब्द वरचा असेल तर स्वर वर, खालचा असेल तर खाली, आणि त्याभोवती आपली नक्षी. म्हणजे भाषा बोलता येणं ही इथे गाण्याची पूर्वतयारी वगैरे नाहीच, तीच स्वरलिपी आहे. जो मुलगा आकडे वाचून एरहू अप्रतिम वाजवतो पण आजीशी इंग्रजीत बोलतो, त्याच्यासमोर पोंग-वोंगचं पान ठेवलं तर त्याला तिथे कोरा कागद दिसणार. आवड असो नसो, चाल येणार कुठून?

स्वरांचीही एक अडचण आहे. जुन्या लिपीत स्वरांची नावं हो, सी, यी, सांग, छे, कुंग, फान अशी. त्यातले यी आणि फान हे दोन स्वर पियानोच्या पट्ट्यांवर सापडत नाहीत, यी थोडा उतरलेला आणि फान थोडा चढलेला, मधेच कुठेतरी. ह्या दोन स्वरांवर भर दिला की जी छटा तयार होते ती दुःखाची, विरहाची, तिला ‘कडू गळा’ असंच म्हणतात. आपल्याकडे पेटीवर श्रुती मिळत नाहीत म्हणून किती वाद झाले, ऑल इंडिया रेडिओने तर १९४० पासून तीसेक वर्षं पेटी बंद ठेवली होती, तोच हा मुद्दा. मोठा वाद्यवृंद सगळा एका सुरात लागावा म्हणून समान अंतराच्या स्वरांकडे झुकतो, मग कडू गळ्याचा कडूपणा कमी होतो. गंमत बघा, गाओहू हे वाद्य बनवलं ते १९२०च्या दशकात ल्यू वेनचेंग नावाच्या कँटोनीज वादकाने, तेही शांघायमध्ये राहून, एरहूला पोलादी तार लावून, सूर वर चढवून आणि वाद्य दोन गुडघ्यांत धरून. त्याच काळात ऑपेराने व्हायोलिन घेतलं, सॅक्सोफोनही घेतला आणि दोन्हींना यी-फान वाजवायला लावलं. म्हणजे हा प्रकार परकं वाद्य पचवून आपला सूर राखणारा आहे, तो नाजूक बिजूक नाही. त्याला फक्त कानात ती भाषा असलेला माणूस लागतो.

आणि नेमकी भाषाच सरकत गेली. १९९९ मध्ये लिव्हरपूल आणि शांघाय जोडशहरं झाली, २००० मध्ये नेल्सन स्ट्रीटच्या तोंडाशी शांघायच्या कारागिरांनी बनवलेली साडेतेरा मीटर उंचीची कमान उभी राहिली, दोनशे ड्रॅगन आहेत तिच्यावर. मग चीनच्या मुख्य भूमीवरून विद्यार्थी आले, मँडरिन म्हणजे चीनची अधिकृत भाषा बोलणारे. रविवारच्या चिनी शाळा ब्रिटनभर कँटोनीजकडून मँडरिनकडे वळत गेल्या, कारण परीक्षा, नोकरी, व्यापार सगळं तिकडे. पालकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आपण तरी मुलांना कुठल्या शाळेत घालतो. पण २००९ मध्ये युनेस्कोने कँटोनीज ऑपेराला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा युरोपातल्या बऱ्याच कँटोनीज घरांत नातवंडांना तो ऐकून समजेनासा झाला होता.

‘पोरांना आवड नाही’ ह्या वाक्याचा मला राग येतो तो म्हणून. पोरांनी चाळीस वर्षं रविवार घालवून चिनी वाद्यं शिकून दाखवलीत, आणि त्यात कँटोनीज वाद्यसंगीताचे तुकडेही वाजवले जातात, जे मुळात ऑपेराच्या मधल्या जागा भरायला वाजायचे. म्हणजे घराच्या ओसरीपर्यंत ती आलेलीच आहेत, आतल्या खोलीची किल्ली भाषा होती आणि ती त्यांना दिली गेली नाही. परत पाठवलेले बाप, विखुरलेली दुकानं, ग्रँटचे नियम, शाळांची भाषा, ह्यातलं काहीच त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

आता प्रकरणाला नवीन वळण आलंय आणि मी हे सगळं आत्ता लिहायचं कारण तेच. ३१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने हाँगकाँगच्या लोकांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि त्यावर दीड लाखाहून जास्त माणसं आली, त्यातली बरीच कुटुंबं लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधल्या वॉरिंग्टनच्या बाजूला स्थिरावली. ही घरं कँटोनीज बोलतात. त्यांच्यातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडात ते सहाही सूर आत्ता आहेत, घरातूनच, फुकट मिळालेले. इथल्या शाळेत पाच-सहा वर्षं गेली की ते बोथट व्हायला लागतील, हे आधीच्या पिढीत होऊन गेलंय. म्हणजे हातात फार वेळ नाही. एकीकडे पाळण्यापासून कँटोनीज ऐकलेली मुलं, दुसरीकडे त्याच भागात चाळीस वर्षं मुलांना चिनी वाद्यं शिकवायचा अनुभव, आणि तिसरीकडे बैठकीत गाणारे सत्तरीतले लोक ज्यांना आयुष्यभर टेपच्या मागे पळावं लागलं. ह्या तिघांना एका खोलीत आणलं तर जिवंत साथीवर जिवंत गाणं परत होऊ शकतं.

सुरुवात पदाने करू नये असं मला वाटतं, ते अंगावर येतं. ऑपेरात ‘पाक-लाम’ नावाचा प्रकार आहे, लाकडी ठोकळ्याच्या ठेक्यावर नुसते शब्द म्हणायचे, यमक जुळवत, भराभर, स्वर एकही लागत नाही, फक्त बोलीचे सूर आणि ताल. विनोदी पात्रं तो जास्त म्हणतात, त्यामुळे मुलांना तो लगेच आवडेल. एका आजोबांच्या हातात ठोकळा द्यायचा, मुलांना त्यांच्याच शाळेतल्या, डब्यातल्या, बसमधल्या गोष्टींवर चार ओळी कँटोनीजमध्ये करायला सांगायचं, आणि एरहू शिकणाऱ्या पोरांना शेजारी बसवून फक्त ऐकायला लावायचं, कुठला शब्द वर गेला, कुठला खाली आला. मग कधीतरी त्यातल्या एकाने गाओहू उचलून त्या ओळीच्या मागे जाऊन बघायचं.